बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया आणि रुग्णाचा निर्णय : एक विवेचन

प्रस्तावना

स्थूल व्यक्तीचे वर्णन करण्यासाठी मराठी बोलीत जे शब्दप्रयोग रूढ आहेत, त्यांतून समाजाच्या दोन परस्परविरोधी वृत्ती दिसून येतात. 'खात्यापित्या घरचा' हे कौतुक आहे, तर 'तोंडावर ताबा नाही' हा दोषारोप आहे. पहिल्यात संपन्नतेचा गौरव आहे, दुसऱ्यात संयमाच्या अभावाची निंदा आहे; मात्र स्थूलता हा आजार असू शकतो, या शक्यतेला दोन्हींत जागा नाही. त्यामुळे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजेच बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा विचार एखाद्या व्यक्तीने घरात बोलून दाखविला की एकीकडून 'एवढे काय झाले आहे?' आणि दुसरीकडून 'त्यापेक्षा जेवण कमी कर' असे दोनच प्रतिसाद बहुधा तिच्या वाट्याला येतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष यांचा देहभार निर्देशांक (बी.एम.आय.) २५ किंवा त्याहून अधिक आढळला. यांतील बहुसंख्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही, हे उघड आहे. तथापि ज्यांच्यासमोर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो, त्यांना तो कसा सोडवावा याविषयी मराठीत जाहिरातीपलीकडचे विवेचन अल्प प्रमाणात आढळते. शस्त्रक्रियेसाठी पात्र असणे आणि शस्त्रक्रिया करून घेणे योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वजनकाट्यावर ठरते, दुसरी मात्र आजाराचे स्वरूप आणि शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य पाहून ठरवावी लागते. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

निर्देशांकाच्या तीन रेषा

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहभार निर्देशांक मिळतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेने १९९१ मध्ये भरविलेल्या तज्ज्ञ परिषदेने शस्त्रक्रियेसाठी निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा स्थूलतेशी निगडित गंभीर आजार असल्यास ३५, अशी मर्यादा सुचविली. पुढील तीन दशके जगभर हीच मर्यादा प्रमाण मानली गेली. २०२२ मध्ये या क्षेत्रातील अमेरिकन संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी संयुक्तपणे नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार निर्देशांक ३५ असल्यास अन्य आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. ३० ते ३४.९ या टप्प्यात चयापचयाचे विकार असल्यास तिचा विचार व्हावा, आणि आशियाई वंशाच्या व्यक्तींबाबत २७.५ पासूनच हा पर्याय दिला जावा, असे त्यांत म्हटले आहे.

आशियाई व्यक्तींसाठी वेगळी रेषा का, याचे उत्तर देताना पुण्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. चरबीचे प्रमाण मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अधिक असते आणि ती विशेषतः पोटाभोवती साठते. परिणामी मधुमेह व हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. रेषा खाली आणण्यामागील युक्तिवाद असा सबळ आहे.

तिसरी रेषा विम्याची आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकींचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च वगळण्याची मुभा विमा कंपन्यांना आहे. मात्र काही अटी पूर्ण होत असल्यास ही वगळणूक लागू होत नाही. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार झालेली असावी, रुग्णाचे वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि निर्देशांक किमान ४० असावा. अथवा तो किमान ३५ असून सौम्य उपाय अयशस्वी झाल्यानंतर स्थूलताजन्य हृदयस्नायूविकार, हृदयाच्या रोहिणीचा विकार, झोपेतील तीव्र श्वासरोध किंवा नियंत्रणात न आलेला टाईप-२ मधुमेह यांपैकी एक विकार असावा. गुडघेदुखी, उच्च रक्तदाब, वंध्यत्व यांचा या यादीत समावेश नाही.

या तीन रेषा प्रत्यक्षात किती अंतरावर आहेत, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. १५८ सें.मी. उंचीच्या स्त्रीचा विचार केल्यास २७.५ हा निर्देशांक सुमारे ६९ किलोवर गाठला जातो, ३५ हा सुमारे ८७ किलोवर आणि ४० हा सुमारे १०० किलोवर. ६९ किलो वजनाच्या स्त्रिया कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षक कक्षात सहज आढळतील. त्यांपैकी कोणालाही आपण शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर उभ्या आहोत असे वाटत नसेल. ६९ ते १०० या तीस किलोंच्या पट्ट्यात वैद्यकशास्त्र एक सांगते, विमा दुसरे सांगतो आणि काही लाख रुपयांचा खर्च कुटुंबाच्या बचतीतून करायचा की नाही, हे तिसरेच कोणी ठरविते. किंबहुना खरा निर्णय याच पट्ट्यात घ्यावा लागतो. १०० किलोच्या पुढे, मधुमेह व श्वासरोध असलेल्या रुग्णाबाबत वैद्यकीय मतभेद फारसे उरत नाहीत.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

'पोट कापून लहान करतात' एवढीच सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धसत्य आहे. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' या शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कायमचा काढून टाकला जातो व केळ्यासारखी निमुळती नळी शिल्लक ठेवली जाते. 'गॅस्ट्रिक बायपास' या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाला अगदी लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात; जठराचा उर्वरित भाग आणि आतड्याचा आरंभीचा भाग यांना अन्नाचा स्पर्श होत नाही. बायपासचे श्रेय अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांना दिले जाते. त्यांनी १९६६ मध्ये ती प्रथम केली.

परिणाम केवळ कमी अन्न मावल्याने होत नाही. भूक निर्माण करणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा स्रोत जठराच्या वरच्या भागात असतो आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने तृप्तीचे संकेत देणारी संप्रेरके वाढतात. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या बायपास रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा मधुमेही रुग्णांपैकी ८२.९ टक्के रुग्णांची रक्तशर्करा सामान्य झाल्याचे दिसून आले. अनेकांत ही सुधारणा वजन लक्षणीयरीत्या घटण्यापूर्वीच, काही दिवसांत घडते. म्हणूनच अलीकडे या शस्त्रक्रियांना 'मेटाबॉलिक' असे विशेषणही जोडले जाते.

आहार व व्यायाम यांनी वजन का टिकत नाही, याचे उत्तरही शरीरक्रियेतच आहे. वजन घटले की शरीर उष्मांकाचा खर्च कमी करते आणि भूक वाढविते. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत मोठे वजन घटविलेल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतर अभ्यास झाला (२०१६). त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते, तरीही विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा उष्मांक-खर्च अपेक्षेपेक्षा दररोज सरासरी सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. 'तोंडावर ताबा नाही' या वाक्प्रचाराचा येथे फेरविचार करावा लागतो.

दीर्घकालीन अनुभव

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा दीर्घकालीन पुरावा स्वीडनमधून येतो. लार्स श्योस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची तेवढ्याच शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल व्यक्तींशी तुलना करण्यात आली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे काही वजन परत आले, परंतु बरेचसे गेले ते गेलेच. या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते आणि त्यातील बहुसंख्य शस्त्रक्रिया आज मागे पडलेल्या प्रकारच्या होत्या, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

ही टक्केवारी वरील उदाहरणाला लावून पाहावी. त्याच १५८ सें.मी. उंचीच्या स्त्रीचे वजन ९२ किलो आहे, म्हणजे निर्देशांक सुमारे ३७ आहे, असे समजू. २५ टक्के घट टिकली तर दहा वर्षांनी तिचे वजन ६९ किलो असेल. हे यश निर्विवाद मोठे आहे. परंतु ६९ किलो म्हणजे २०२२ च्या तत्त्वांनी आशियाई व्यक्तींसाठी आखलेली शस्त्रक्रियेची रेषाच होय. उत्तम यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही ही स्त्री निर्देशांकाच्या भाषेत 'स्थूल'च राहील. लग्नाच्या छायाचित्रातील देह परत मिळावा, या अपेक्षेने ती शस्त्रक्रियागृहात गेली असेल तर तिच्या पदरी निराशा येईल. मधुमेहाची इन्सुलिन सुटावी, रात्री श्वास अडकून दचकून जागे होणे थांबावे, गुडघ्यांना दोन जिने झेपावेत, या अपेक्षेने गेली असेल तर ती पूर्ण होण्याची शक्यता बरीच आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही याचे उत्तर निर्देशांकापेक्षा या अपेक्षेच्या स्वरूपावर अधिक अवलंबून आहे.

मधुमेहाबाबतही भाषा काटेकोर हवी. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी विधाने जाहिरातींत आढळतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर (२०१७) एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली आणण्यात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्ण यशस्वी ठरले. औषधांपेक्षा शस्त्रक्रिया सरस ठरली, यात शंका नाही; तरीही सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांना ते उद्दिष्ट गाठता आले नाही. मधुमेह जितका जुना, इन्सुलिनची गरज जितकी अधिक, तितकी पूर्ण सुटकेची शक्यता कमी. या दृष्टीने पाहता 'सर्व उपाय थकल्यावर शेवटी शस्त्रक्रिया' हा प्रचलित क्रम मधुमेही रुग्णाच्या हिताचा असतोच असे नाही; वीस वर्षे थांबलेल्या रुग्णाने सर्वाधिक लाभाचा काळ गमावलेला असतो.

आयुर्मानाविषयी स्वीडिश अभ्यासाचेच २०२० मधील निष्कर्ष बोलके आहेत. शस्त्रक्रिया झालेल्यांचे अपेक्षित आयुष्य न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक होते, परंतु सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

धोक्याचे प्रमाण भीती वाटते तेवढे नाही, आणि नगण्यही नाही. अमेरिकेतील दहा केंद्रांच्या २००९ मधील अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आणि किमान एक गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण ४.३ टक्के होते. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे या प्रमुख तातडीच्या गुंतागुंती होत. पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्लीव्हनंतर छातीतील जळजळ वाढू शकते. ज्यांना आधीपासूनच तीव्र आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांच्यासाठी स्लीव्ह सहसा योग्य नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरचे स्वयंपाकघर

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते. तिच्या अटी मात्र आयुष्यभराच्या असतात. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय, विशेषतः शाकाहारी कुटुंबात या अटी कशा पाळल्या जातील, हा प्रश्न निर्णयापूर्वीच विचारला गेला पाहिजे.

स्नायू टिकविण्यासाठी दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असा सर्वमान्य सल्ला आहे. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे घट्ट वरणाच्या वाटीतून एवढीच मिळतात, पातळ आमटीतून त्याहूनही कमी. पेलाभर दुधातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात. आरंभीच्या महिन्यांत एका वेळी जेमतेम अर्धी वाटी अन्न जाते. अशा स्थितीत पोळी-भात आधी आणि डाळ तोंडी लावण्यापुरती, हा ताटाचा पारंपरिक क्रम उलटावा लागतो : आधी पनीर, मोड आलेले मूग, सोयाबीन, चालत असल्यास अंडे, जागा उरलीच तर भात. प्रथिनांच्या पावडरीला घरातील ज्येष्ठांचा विरोध असतो, तोही गृहीत धरावा. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. एकादशी आणि चतुर्थी करणाऱ्या रुग्णाला फराळाचे ताट दूध, ताक, शेंगदाणे यांभोवती नव्याने मांडावे लागते.

जीवनसत्त्व ब-१२ चा प्रश्न अधिक गंभीर आहे. शाकाहारी भारतीयांत या जीवनसत्त्वाची कमतरता शस्त्रक्रियेविनाही व्यापक आहे. पुणे परिसरातील संशोधनाने ती वारंवार दाखविली आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषण आणखी घटते. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची गोष्ट फारशी वेगळी नाही. गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात आणि रक्ततपासणी दरवर्षी करावी लागते. सतत उलट्या होत असतील तर थायमिनच्या कमतरतेने मेंदूला इजा होऊ शकते. 'सवय होईल' म्हणून घरी बसून राहणे येथे धोक्याचे आहे.

बायपासनंतर पुरणपोळी, श्रीखंड, जिलेबी असे गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरल्यास घाम, धडधड, पोटात कळ, चक्कर, जुलाब अशी लक्षणे दिसतात. पंगतीतील आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा आविष्कार मानला जातो; या रुग्णासाठी तो शारीरिक त्रास ठरतो. याशिवाय सांधेदुखी-डोकेदुखीसाठी मेडिकलच्या दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर टाळाव्या लागतात, कारण जोडाच्या ठिकाणी व्रण होऊ शकतो. धूम्रपानाबाबतही हेच. मद्य रक्तात लवकर आणि अधिक चढते. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या व्यसनाचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

विवाहयोग्य मुलींच्या बाबतीत एक बाब स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजे. वजन घटू लागताच पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, परंतु पोषणाच्या दृष्टीने १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला आहे. 'लग्न जमावे' म्हणून शस्त्रक्रिया उरकायची आणि सासरी ती लपवायची, असे ठरविणाऱ्या कुटुंबात ही मुलगी गोळ्या, तपासण्या, कमी जेवण आणि गर्भधारणेची प्रतीक्षा यांचे कारण कोणाला व कसे सांगणार? डाग लपविल्याच्या भावनेने ती औषधेच सोडून देऊ शकते, आणि त्याचे परिणाम तिच्या व पुढे बाळाच्याही रक्तात दिसू शकतात.

नव्या औषधांमुळे बदललेला प्रश्न

सेमाग्लुटाईड या औषधाच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले, तर टिर्झेपेटाईडच्या सर्वाधिक मात्रेने २०२२ मधील चाचणीत ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. २०२५ मध्ये ही दोन्ही इंजेक्शने वजन कमी करण्यासाठी भारतीय बाजारात आली. आता 'आहार की शस्त्रक्रिया' असा द्वंद्वात्मक प्रश्न राहिलेला नाही. निर्देशांक २७.५ ते ३५ या टप्प्यातील, सौम्य आजार असलेल्या व्यक्तीने प्रथम औषधाचा मार्ग चाचपणे अधिक सयुक्तिक दिसते. औषध थांबविता येते, काढलेले जठर परत बसविता येत नाही.

तथापि थांबविता येणे हीच औषधाची मर्यादाही आहे. सेमाग्लुटाईड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे त्याच चाचणीच्या पुढील टप्प्यात (२०२२) दिसले. त्यामुळे दरमहा होणारा खर्च वर्षानुवर्षे पेलणार का, याचा हिशेब एकरकमी शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी मांडूनच तुलना करावी लागते. निर्देशांक ४० च्या पुढे असलेल्यांसाठी शस्त्रक्रियेचा दीर्घकालीन पुरावा आजही अधिक भक्कम आहे.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय बहुधा कुटुंब घेते. पती, मुलगा किंवा वडील डॉक्टरांशी बोलतात आणि रुग्ण सही करतो. कायद्याची भूमिका वेगळी आहे. 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' या खटल्यात निदानासाठी भूल दिलेल्या रुग्णाच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली होती. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना सज्ञान व सक्षम रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती वैध नाही. उपचाराचे स्वरूप व हेतू, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम एवढी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया ही क्वचितच तातडीची असते. म्हणून या निकालाचे शब्द तिला पूर्णांशाने लागू होतात. 'या आठवड्यात नोंदणी केल्यास सवलत' अशा धर्तीचे आमिष संमतीच्या मूळ कल्पनेलाच विसंगत आहे. शल्यविशारदाबरोबर आहारतज्ज्ञ, अंतःस्रावतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी भेट होणे हा औपचारिकतेचा भाग नव्हे : भावनिक ताणात खाण्याचे झटके येणारा किंवा उपचार न झालेले नैराश्य असलेला रुग्ण प्रथम त्या विकारातून सावरणे आवश्यक असते. शल्यविशारदाला विचारावयाचे प्रश्नही साधे आहेत. हाच प्रकार माझ्यासाठी का, दुसरा का नाही? गळती झाल्यास रात्री दोन वाजता या रुग्णालयात कोण उपलब्ध असेल? पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेले किती रुग्ण आजही तपासणीला येतात? लातूर किंवा रत्नागिरीहून मुंबई-पुण्यात येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णासाठी तर शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा ठरतो. कारण त्याच्या गावातील डॉक्टरकडे ब-१२ ची तपासणी आणि सततच्या उलट्यांची चिठ्ठी घेऊन जाताना शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल त्याच्या पिशवीत असणे गरजेचे आहे.